पारोशा देवांना घेऊन इंदापूरला

भिगवणला रोहित पक्षी बघायला जायचंय, रस्ता कसा आहे, असं नातीच्या मैत्रिणीने विचारलं. रस्ता उत्तम आहे, पोरी. पहाटे निघ, न्याहारी वाटेत कर. पण मी त्या भागात पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे ते पाणीच नव्हतं. उजनीचं धरण व्हायला बरीच वर्षं होती. पन्नास सालानंतरची गोष्ट. मी पुण्यात नुकता मास्तर झालो होतो आणि पक्षी बघायला नाही, देव देऊन टाकायला निघालो होतो.

आई गेली आणि घरातले पाच टाक माझ्या गळ्यात पडले. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुळाचे देव. आई त्यांच्याशी बोलायची, रागवायचीसुद्धा. मी वर्षभर रोज आंघोळ घातली, गंध लावलं, पण समोर कुणी आहे असं एकदाही वाटलं नाही. पुढे पुढे तर भीतीच वाटायला लागली, की आईबरोबर तेही निघून गेले आणि मी नुसता पत्रा घासतोय. इंदापूरकडे माझी चुलत आत्या होती, सरूआत्या. भीमेच्या पुरात तिचे देव वाहून गेले होते. तिला देव नाहीत, मला झेपत नाहीत. मी सरळ टाक एका डब्यात घालून बांधले.

पुण्याहून दौंड, आणि दौंडला बदलून बारामतीची छोटी गाडी. तिच्याबरोबर शेजारून एक सायकलवाला आमच्या डब्यातल्या लोकांशी गप्पा मारत बराच वेळ आला, यावरून काय तो वेग समज. बारामतीत कालव्याच्या पाण्यावर चहूकडे ऊस, हवेत गुऱ्हाळाचा वास. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत पथारी टाकली. खानावळीत पिठलं, भाकरी, ठेचा आणि वर गुळाचा खडा, काही आण्यांत पोट टम्म. निघायच्या घाईत सकाळी देवांना आंघोळ घातली नव्हती, इथेही त्यांचा डबा काही उघडला नाही. प्रवासात कोण बघतंय? दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः आंघोळ केली, पण डबा तसाच ठेवला. इंदापूरची मोटार लवकर सुटते, अशी माझी मीच समजूत घातली.

बारामतीचा हिरवा पट्टा सरला की माळ लागतो. तेव्हा तर झाड नाही, माणूस नाही, नुसती धूळ. डबा शालीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. शेजारी पागोटं बांधलेले एक तात्या उसाच्या लागणीबद्दल अखंड बोलत होते. मध्येच त्यांची नजर शालीवर गेली. ते उठले आणि मागे जाऊन उभ्या माणसांत दाटीने उभे राहिले. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

इंदापुरातून आत्याच्या वाडीपर्यंत दोन तास पायपीट. पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सगळे रानात गेलेले, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. आत्याच्या दारात उभा राहिलो, अजून हाकही मारली नव्हती, तोच आतून तिचा आवाज आला.

"देव पारोसं आणलंस व्हय रं? दोन दिस झालं."

पारोसं म्हणजे बिनआंघोळीचं. मी येतोय हे तिला कुणी कळवलं नव्हतं, आणि डब्यात काय आहे ते पुण्यातही कुणाला ठाऊक नव्हतं.

ती दाराकडे पाठ करून देव्हाऱ्यासमोर बसली होती. देव्हाऱ्यात लाल फडकं, बाकी काही नाही. तिने रिकाम्या बोटांनी तिथून काहीतरी उचललं, ताम्हणात ठेवलं, वर पाणी घातलं. ताम्हण वाजलं. टण्. असं पाच वेळा. तिच्या हातात काकण नव्हतं, बोटात अंगठी नव्हती. मी मुद्दाम नीट बघून घेतलं. मग तिने एकेक पुसून जागेवर ठेवला आणि अनामिकेने हवेत पाच ठिकाणी गंध लावलं.

पूजा झाल्यावर मी डबा पुढे केला. म्हटलं, आत्या, तुझा देव्हारा रिकामा आहे, हे घे.

"रिकामा कुठं हाय?" ती म्हणाली. "ह्यांना बसवू कुठं मी?"

मग भाकरी थापता थापता तिने सगळं सांगितलं. पुरानंतर पहिलं वर्ष ती हवेलाच आंघोळ घालायची आणि रडायची. शेजारणी वेडी म्हणायच्या, तिलाही ते पटायचं. पण हाताला सवय होती, एक दिवस चुकवला नाही. तिसऱ्या वर्षी एका सकाळी बोटांना जड लागलं. त्यानंतर रोजच लागतं.

जेवणाआधी तिने मला माझ्या देवांना आंघोळ घालायला बसवलं. मी एकेक टाक धुताना थांबायचो, काही जाणवतंय का बघायचो. तिच्या ते लक्षात आलं.

"मास्तर हायस खरा," ती म्हणाली. "आंघूळ घालतोस, का परीक्षा घेतोस?"

मला इतकी लाज वाटली, की आजही ते आठवलं की मान खाली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच पूजा करून डबा परत घेऊन निघालो.

आत्या पुढे चार-पाच वर्षांनी गेली. वाडी आता उजनीच्या पाण्याखाली आहे. भिगवणला होडीत बसशील तेव्हा त्याच पाण्याखाली, पुढे इंदापूरच्या बाजूला, ती वाडी असेल.

घरी आल्यावर मी पूजा धरली. काही जाणवतंय का हे बघणं मात्र सोडलं. वर्ष गेलं, दोन गेली, काही झालं नाही, आणि मी रुसलोही नाही. मग एक अगदी साधी सकाळ. स्वयंपाकघरात बायको ताक घुसळत होती. मी तिसरा टाक पुसत होतो आणि माझ्या शेजारी, पाटावर, कुणीतरी येऊन बसलं. मी वळून बघितलं नाही. अंगावर सर्रकन काटा आला, पण उठावंसं वाटलं नाही. पाट अरुंद होता. मी जरा सरकून बसलो.

तेव्हापासून आजतागायत मी अर्ध्याच पाटावर बसतो.