फाटकापासून दारापर्यंत

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, अडतीस वर्षं पोस्टमन होते. निवृत्तीनंतर त्यांनी घर घ्यायचं ठरवलं आणि माझा रविवार गेला. एक नाही, पाच रविवार! लोक घर बघताना नळ सोडून पाहतात, भिंतीला ओल आहे का ते बघतात. काका फाटकापासून दारापर्यंत पावलं मोजत जायचे. दहाच्या वर गेली की घर बाद. मग आत डोकावायचेसुद्धा नाहीत.

"अगं, लांब अंगणवाल्यांना हाक ऐकूच जात नाही," ते मला बजावायचे. "घसा फोडून ओरडायचो, तेव्हा कुठे कुणीतरी उगवायचं. उद्या हिला काही झालं, तर?"

मावशीचा डावा कान अधू, गुडघे त्याहून. सगळा संसार तिसऱ्या मजल्यावर झाला. तिथे तिच्या वाट्याला बाहेर म्हणून जे आलं, ते खिडकीच्या कठड्यावर मावेल एवढंच. तिला ऐसपैस अंगण हवं होतं. खुर्ची टाकून ऊन खात बसायला, चार वाफे करायला. तरी ती मुकाट्याने दहा पावलांच्या आतली घरं बघत राहिली. मला तर तिचाच राग यायचा.

पाचव्या रविवारी सव्वीस पावलांचं घर निघालं. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि पुढे हे एवढं अंगण! मावशीने चपला काढल्या आणि मातीत अनवाणी चालत सुटली. गुडघेबिडघे सगळं विसरली. ते पाहून काकांना तोंडावर नाही म्हणवेना. त्यात घरमालक म्हणाले, दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय.

मग काकांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. मावशीला स्वयंपाकघरात धाडलं, मला तिच्याजवळ उभं केलं. "खुणावायचं नाही हं!" असा दम दिला आणि फाटकावर जाऊन ओरडले, "पोऽऽस्ट!"

मला लख्ख ऐकू आलं. मावशी आपली ओट्यावरून हात फिरवत होती. दुसरी हाक. तिसरी. मी जीभ चावून उभी राहिले.

काका पडलेल्या चेहऱ्याने आत आले. "बाद," म्हणाले.

"तुम्ही फाटकावर कशाला उभे राहाल?" मावशी कडाडली. "नोकरी संपली ना? बाहेर मी असणार, आत तुम्ही. ऐकू यायला हवं ते तुम्हाला!"

 अडतीस वर्षं लोकांच्या दाराबाहेरून हाका मारलेल्या माणसाला आत उभं राहून बघायचं सुचलंच नव्हतं. मी तर टाळीच वाजवली.

आता काका ओट्यापाशी आणि मावशी तुरुतुरु फाटकाकडे. तिचा आवाज मुळात बारीक. 

"अहो, पत्र आलंय!"

काका चष्मा ओट्यावर टाकून धावले. खोली, पायरी, अंगण. "कुणाचं? कुणाचं गं?" फाटकाशी पोचेपर्यंत ही परीक्षा आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मावशीला हसून हसून उभं राहवेना.

"तुमचंच," ती म्हणाली. "आजवर दुसऱ्यांची वाटलीत."

 काका तिथूनच, फाटकावरून, घरमालकांना ऐकू जाईल असे ओरडले, "दुपारच्या गिऱ्हाइकाला म्हणावं, येऊ नका!"