अडसर आणि साक्षगंध

मुंबईत जेट विमानांच्या इंजिनांवर मला नोकरी लागली, तेव्हा घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी एकटाच. यंत्र समजावताना समोरच्याला मूर्ख समजू नये, हे अकोटच्या माझ्या शाळेतल्या मास्तरांचे सांगणे मी आजवर पाळले आहे. अपवाद फक्त अमरावतीच्या एका वकीलसाहेबांचा.

त्यांची मुलगी कॉलेजात शिकत होती. मला हे स्थळ मनापासून हवे होते. मुलगी पाहायची, दोन्हीकडून होकार आला की मग साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस धरायचा, अशी आमच्याकडची रीत. बाबांना घेऊन गेलो, तर बैठकीत पाहुण्यांची गर्दी, पेढ्यांची परात आणि मधोमध पाट. शेतकऱ्याचा पोरगा नाही कशाला म्हणतो, या भरवशावर वकीलसाहेबांनी साक्षगंध त्याच दिवशी ठेवले होते. आम्हाला न कळवता.

आधी त्यांना माझी परीक्षा घ्यायची होती.

"विमान उतरल्यावर थांबायले तुमचं इंजिन उलटा जोर लावते म्हणता. चुकून भलत्या वेळी लावला तर?"

"तसा लागत नाही," मी म्हणालो. "जोराचा मुख्य दांडा पूर्ण मागे घेतल्याशिवाय उलट जोराचा दांडा उचलताच येत नाही. उचलला तरी अर्ध्यावर अडतो. इंजिनामागच्या झडपा पूर्ण फिरल्या की मगच अडसर सुटतो. आणि हवेत झडपा आपोआप सरकल्याच, तर मुख्य दांडा मागे ढकलला जातो आणि इंजिन मंदावते."

"म्हणजे पायलट अडाणीच दिसते." ते पाहुण्यांकडे वळले. "शिकलेल्या माणसाले अडसर कायले लागते? माह्या हातून आजवर एक चूक नाही झाली."

पाहुणे हसले. कशाला हसलो, हे त्यांतल्या एकालाही सांगता आले नसते.

"बसा जावई," वकीलसाहेबांनी पाट दाखवला.

"मुलीला विचारलंत?"

"पोरीले काय विचारायचं? हे काय कोर्ट आहे?"

आतल्या दाराआडून मुलीचा आवाज आला, "मले तर पाट मांडल्यावर समजलं, बाबा."

वकीलसाहेबांनी दाराकडे मानसुद्धा वळवली नाही. "बसा," ते पुन्हा मला म्हणाले, जणू आत कोणी बोललेच नव्हते.

मी बसलो नाही. माझे बाबा उठले, पाहुण्यांना हात जोडले आणि मला म्हणाले, "चाल."

एसटी स्टँडवर ते बाकावर टेकले. मग म्हणाले, "काहून रे, पोरगी पसंत होती का तुले?"

"पाहिलीच कुठे, बाबा?"

आयुष्यात एक चूक न केलेल्या त्या गृहस्थांकडून मुलगी दाखवायचीच राहून गेली होती.