कुठेही चालणारा माणूस

लोक विचारतात, त्या अमेरिकन फुटबॉलमध्ये तू नक्की काय खेळायचास? या प्रश्नाचा मला पूर्वीपासून वैताग आहे. सांगलीकडच्या नातेवाइकांना वाटतं, मी आपला पायाने खेळायचा फुटबॉल खेळत होतो. तो नव्हे म्हटलं की त्यांचा रस संपतो. जर्मन लोकांना खेळ माहीत असतो, पण माझी उंची बघून ते गालात हसतात. खरं उत्तर द्यायचं तर मी पडेल ते खेळायचो. लग्नघरात एक मामा असतो बघा, गॅसची टाकी आणतो, पंगतीत वाढतो, रुसलेल्या व्याह्यांना चहा नेऊन देतो आणि अल्बममध्ये एकाही फोटोत नसतो. स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावच्या क्लबात तो मामा मी होतो, चांगली आठ-नऊ वर्षं.

सुरुवात झाली ऑफिसच्या सोमरफेस्टला, म्हणजे उन्हाळ्यातल्या जेवणावळीला. मी तेव्हा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर इंजिनिअर होतो. सहकाऱ्यांच्या पोरांशी गवतावर शिवाशिवी खेळत होतो आणि आमच्या चाचणी विभागातला एक धिप्पाड माणूस गमतीने मला पकडायला निघाला. त्याला मी काही सापडलो नाही. मग त्याच्यासारखेच दोघे आले, त्यांनाही सापडलो नाही. शाळा-कॉलेजात मी खो-खो खेळलेलो, पळती करण्यात माझं नाव होतं, पण हे त्यांना कुठून ठाऊक असणार? तो धिप्पाड माणूस क्लबात खेळायचा. पुढच्या मंगळवारी त्याने मला गाडीत घालून सरावाला नेलं.

ट्रेनर गावातल्या एका वर्कशॉपमध्ये माइस्टर होता, म्हणजे कारागिरांचा मुकादम. तो फार बोलत नसे. त्याने बॉल उंच लाथाडला, मी झेलला. आणखी उंच लाथाडला, तोही झेलला. “गेनाऊ,” तो म्हणाला, म्हणजे अगदी असंच, आणि मी रिटर्नर झालो. हे काम सांगायला सोपं आहे. समोरचा संघ बॉल लांब आणि उंच मारतो. तो आपण मागे एकट्याने उभं राहून झेलायचा, आणि अंगावर धावून येणाऱ्या अख्ख्या संघाला चुकवत जमेल तितका पुढे न्यायचा. त्यांनी पाडलं की तिथे थांबायचं.

पहिल्या सामन्यात मी जी चूक केली, ती माझ्या आधी त्या मैदानावर कोणीही केलेली नसणार. बॉल झेलला आणि पळालो. डावीकडे हूल दिली, उजवीकडून निसटलो, दोघांना एकमेकांवर आपटवलं, मागे वळलो, पुन्हा गोल फिरलो. बाकड्यांवर बसलेले आईबाप उठून टाळ्या वाजवत होते. एकाचाही हात मला लागला नाही. शेवटी दमून रेषेबाहेर गेलो आणि शाबासकीच्या अपेक्षेने हसत हसत ट्रेनरजवळ आलो. बॉल जिथे झेलला होता त्याच्याही बराच मागे मी बाहेर पडलो होतो.

“छान,” ट्रेनर म्हणाला. “पण निघाला होतास कुठे?”

खो-खोत पळणाऱ्याला कुठे जायचंच नसतं. हाती लागायचं नाही आणि वेळ काढायचा, एवढाच त्याचा धर्म. ही सवय मोडायला मला अख्खा मोसम लागला. माणसं अंगावर येत असताना सरळ त्यांच्यातूनच वाट काढायची, मार बसणार हे ठाऊक असून, ही गोष्ट माझ्या पायांना पटतच नव्हती. एकदा पटली आणि मग मी बरा रिटर्नर झालो. बरा म्हणजे चांगलाच, उगाच विनय कशाला.

पण बरा झालो तिथेच फसलो. आपल्याच गड्याने फेकलेला बॉल झेलणारा एक जण लग्नाला गेला, त्याच्या जागी मी. मागच्या फळीतल्या बचाववाल्याला ताप आला, त्याच्या जागी मी. किक मारणाऱ्यासाठी गुडघ्यावर बसून बॉल धरून ठेवायला कोणी नव्हतं, तिथेही मीच. गुरुवारी संध्याकाळी फोन यायचा आणि पलीकडून एकच वाक्य: “कान्स्ट डू आउख?” हेही जमेल ना तुला? नाही म्हणायला माझी जीभ रेटत नसे. “या, क्लार,” मी म्हणायचो, हो, जमेल की. बायको स्वयंपाकघरातून ऐकत असायची. “अडला हरी आला वाटतं,” ती म्हणायची. त्या म्हणीत हरी ज्याचे पाय धरतो, ते गाढव कोण हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ऑफिसातही निराळं नव्हतं. एका प्रोजेक्टवरून दुसऱ्यावर, एका हॉलमधून दुसऱ्यात. कुणाची जागा रिकामी झाली की मला तिथे बसवत, भरली की उठवत. रविवारी सामना व्हायचा आणि सोमवारी मी आमच्या चढावरच्या गल्लीतून एस-बान लोकलच्या स्टेशनपर्यंत आडवा आडवा उतरायचो, कारण सरळ उतरलं की गुडघे बोंबलायचे. अंगाला जर्मनांचं ते घोड्यांचं मलम आणि पोटात बायकोने दिलेलं हळदीचं दूध. दोन्हींनी फरक पडत नव्हता. मी थकलो होतो, नुसत्या अंगाने नव्हे. कुठेतरी एका जागी मुक्काम टाकावा असं वाटायला लागलं होतं.

माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच द्यायची. शाळेत कुणाचा बाप काय खेळतो यावर चर्चा झाली होती. तिने विचारलं, बाबा, तू टीममध्ये कोण आहेस?

“मी सगळंच आहे,” मी म्हणालो.

“आलेस गेट निश्त,” ती म्हणाली. सगळं असून चालत नाही. कोणीतरी एक असावं लागतं.

तिचं बोलणं मला लागलं. त्या हिवाळ्यात मी वर्कशॉपवर जाऊन ट्रेनरला भेटलो. म्हणालो, माझं वय झालंय, हा बहुतेक माझा शेवटचा मोसम. या वर्षी मला एक जागा दे. बॉल झेलणारा, कायमचा. दुसरीकडे कुठेही पाठवू नकोस. इतक्या वर्षांत मी काही मागितल्याचं त्याला आठवत नसावं, कारण त्याने हातातलं काम खाली ठेवलं. मग तेलकट हात पुसून माझ्यापुढे केला. “अबगेमाख्त,” तो म्हणाला. ठरलं म्हणजे ठरलं.

सबंध हिवाळा मी शाळेच्या जिममध्ये झेल घेतले. ठरावीक पावलं टाकायची, ठरावीक ठिकाणी वळायचं, आणि वळताच बॉल हातात हवा. रोज तेच ते करण्यात एवढं सुख असतं हे मला माहीत नव्हतं. मुलीला सांगून ठेवलं की तुझा बाप रिसीव्हर आहे, बॉल झेलणारा. ती शाळेत सांगून मोकळी झाली.

मोसमाच्या पहिल्या सामन्याला दोघी आल्या. बायको एरवी गाडीत वाचत बसायची, त्या दिवशी बाकड्यावर बसली. ट्रेनरने संघ वाचून दाखवला आणि माझ्या नावामागे फक्त एकच जागा आली. पाच-दहा मिनिटांनी, अंग गरम करता करता, मागच्या फळीतला आमचा बचाववाला मांडी धरून खाली बसला.

ट्रेनर वळला. त्याची नजर सगळ्यांवरून फिरत माझ्यापाशी येऊन थांबली. मी वाट पाहिली. वाटलं, तो आणखी पुढे बघेल. त्याने नाही बघितलं.

“कान्स्ट डू आउख?”

“या, क्लार,” मी म्हणालो. ते शब्द माझ्या तोंडून कोणी काढले, देव जाणे.

माझ्या जागी एक नवखा इलेक्ट्रिशियन उतरला. त्याला झेलण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं, म्हणून ती जागा त्याची झाली, त्या दिवसापुरती नव्हे, कायमची. मी मागे उभा राहून बचाव केला, मधूनच बॉल झेलून पळालो, एकदा तर पार टोकापर्यंत नेला. आमचेच सगळे आनंदाने अंगावर येऊन कोसळले. सामना संपल्यावर ट्रेनरने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मनापासून म्हणाला, “संघ निवडताना मी तुझा विचारच करत नाही. तुझी मला काळजीच नसते.”

त्याच्या दृष्टीने याहून मोठी स्तुती नव्हती, हे मला कळत होतं. तरी शॉवरखाली उभा राहून मी रडलो. मुलीला काय सांगावं कळेना. ती गाडीत माझा हात धरून झोपली.

तो मोसम मी पुरा केला आणि हेल्मेट परत करून टाकलं. मंगळवार आले, गेले. फोन वाजला नाही. बायको म्हणाली, आता तरी माणसासारखा चालशील. चालायला लागलोही. पण गुरुवारी संध्याकाळी मी उगाच फोनच्या आसपास काहीबाही आवरत असायचो, आणि ते तिला दिसत होतं.

पुढच्या वर्षी मोसमाच्या मध्यावर फोन आला. बॉल किती पुढे गेला हे मोजायला मैदानाच्या कडेला साखळी बांधलेले दोन खांब धरून माणसं उभी असतात. त्यातला एक आजारी होता. मी अंगात केशरी जॅकेट घालून खांब धरायला गेलो. पंचाने सांगितल्याशिवाय जागचं हलायचं नाही, एवढंच काम. ते मला इतकं जमलं की मग दर सामन्याला तो खांब माझाच झाला.

अशाच एका सामन्यात आमचा नवा रिटर्नर पायात गोळा येऊन लंगडत बाहेर आला. ट्रेनर गर्रकन वळला, जसा वर्षानुवर्षं वळायचा, आणि समोर मी होतो, दोन हातांवर. त्याने तोंड उघडलं. मी खांब घट्ट धरला. या खेपेला मी नाही म्हणणार होतो, शब्द जिभेवर तयार होता. त्याने माझं केशरी जॅकेट पाहिलं, तोंड मिटलं, आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बाकावरच्या कुणाला तरी हाक मारली.