स्टुलावरचं इंग्रजी

"स्टुलावर चढ," मडम म्हणाली. मी चढलो.

बेळगावच्या कॅम्पातला बंगला, चार वाजताचा चहा, वेताच्या खुर्च्यांवर सात-आठ गोरी माणसं. मी चोवीस वर्षांचा, लग्न ठरलेला बाप्या. आई तापानं फणफणली होती, कोगनोळीहून सांगावा आला होता. मला दोन दिवसांची रजा हवी होती. ती मी सकाळी इंग्रजीत मागितली होती. आता तीच पाहुण्यांपुढं पुन्हा मागून दाखवायची होती.

"माय मदर इज बर्निंग," मी म्हणालो. "आय मस्ट फ्लाय टु हर आर्म्स. डू नॉट वीप फॉर मी."

हशा पिकला. एकाच्या नाकातून चहा आला. "अगेन!" पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा चालीवर म्हणायला लावलं. मग रजा मिळाली. वर एक बिस्किट. मी ते खाल्लं. खोटं कशाला बोलू, आवडलंही.

माझं इंग्रजी हे असं. ग्रामोफोनमधून आलेलं. त्या बंगल्यात माझं काम म्हणजे ग्रामोफोनला किल्ली द्यायची, सुई बदलायची, तबकड्या पुसायच्या. तबकडीबरोबर गाण्याचा छापील कागद यायचा. एबीसीडी मी दोन महिने शाळेत बसून गिरवली होती. गाणं वाजायचं, मी कागदावर बोट सरकवायचो. तीन वर्षं. चंद्र, ओठ, विरह, शपथ, सगळं येत होतं. काळजाचे तुकडे किती झाले ते मी साहेबाला सांगू शकलो असतो. मोरी तुंबलीय हे मात्र खुणेनं.

आणि माझी समजूत काय? ही माणसं माझ्यावर खूश आहेत. घरी सांगून मोकळा झालो होतो, मडम माझं इंग्रजी पाहुण्यांना ऐकवते म्हणून!

कोगनोळीला पोचलो तर आईचा ताप उतरला होता. पेज पीत होती. आप्पांनी तंबाखूचा जुना डबा पुढ्यात ठेवला. आप्पा म्हणजे माझे वडील, जन्मभर कॅम्पात खानसामा. साहेब विलायतेला परत जाताना नोकराला चिठ्ठी द्यायचा, ती दुसऱ्या साहेबाच्या दारात दाखवायची, अशी रीत. आप्पांची चिठ्ठी त्या डब्यात होती. देवासारखी जपलेली. आमच्यात आजवर ती कुणीच वाचली नव्हती.

"वाच की रं. आता घरातच सायब झालाय."

"चांगलंच असंल की, आप्पा."

"ते ठावं हाय मला. वाचणारा परतेक सायब हसायचा. लई खूश हुयाचा."

मी वाचली. चार ओळी. 'हा माणूस मूर्ख आहे, म्हणून प्रामाणिक आहे. चोरी करायला अक्कल लागते, ती याला नाही. कुत्र्यासारखा ठेवा. शेपूट हलवत राहील.'

एक-दोन शब्द अडले. मूर्ख अडला नाही. गाण्यात प्रेमात पडलेला प्रत्येक जण स्वतःला तेच म्हणत असतो.

"काय लिवलंय?"

"इमानी हाय, असं लिवलंय."

"बघ की गं," आप्पा आईला म्हणाले.

बिस्किटाची चव तेव्हा तोंडात आली. ओकारीसारखी.

तिसऱ्या दिवशी चहाला तेच स्टूल. मडम म्हणाली, "चढ. आई जळाली का विझली, ते गाऊन सांग."

"नो," मी म्हणालो. "आय विल नॉट सिंग."

हे वाक्य कुठल्याच तबकडीत नव्हतं. माझं मी जुळवलं. तेही स्टुलावर न चढता, जमिनीवर उभं राहून.

साहेब म्हणाला, "चिठ्ठी मिळणार नाही. कॅम्पात एक दार उघडणार नाही तुला."

"आय कॅन रीड," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही.

घरी आलो. आप्पा भडकले. "चिठ्ठी न्हाय? खुळा का काय रं? चिठ्ठीबिगर दारात कोण हुबं करंल?"

मी डबा उघडला. चिठ्ठी आधी इंग्रजीत वाचली, मग आपल्या भाषेत. एकही शब्द न गाळता.

आप्पांनी उजवा हात पुढं धरला. मग म्हणाले, "अकरा दारं. अकरा दारात ह्याच हातानं दिली रं मी."

मी चिठ्ठी फाडायला घेतली. त्यांनी हिसकावली.

"फाडू नगो. फाडलीस तर त्येनं लिवलंच न्हाय असं हुईल."

पुढं आप्पा वारले. डबा आता माझ्याकडं आहे. बंगल्यातून निघताना गाण्यांचे कागदही मी उचलून आणले होते. चोरीच ती. म्हणजे आमच्या घराण्याला अक्कल आली.

कॅम्पात चाकरीला जाणारी आमच्या गल्लीतली माणसं आता माझ्या कट्ट्यावर इंग्रजी शिकतात. मी गाण्यांवरूनच शिकवतो, दुसरं येतंय कुठं? चार गाणी झाली की आप्पांची चिठ्ठी पुढ्यात ठेवतो. प्रत्येकानं ती मोठ्यानं वाचायची. अडखळला तर पुन्हा. हसला तर कट्ट्यावरून खाली.

आणि जाताना एकच सांगतो. साहेबानं कागद दिला तर त्याच्यासमोर उभं राहून वाच. मोठ्यानं. त्याला ऐकू दे. खोटा असंल तर तिथंच, त्याच्या चहात बुडव.