लाकडाला गाव असतं

लाकडाच्या धंद्यात अख्खा जन्म घालवून लाकडाला एकदाही 'माल' न म्हणणारा माणूस वऱ्हाडात एकच असेल, आणि नेमकी त्याच्याच दारात मी आयुष्यातली पहिली निषेधाची पत्रकं वाटली. अकोल्याच्या जुन्या शहरात वखारवाल्या काकांची वखार आणि आरा मशीन. आमच्या पर्यावरण गटाच्या पत्रकाचा मथळा होता, 'जंगल विकणाऱ्यांनो, जाब द्या!' खाली त्यांच्या दारातल्या ओंडक्यांचा फोटो, आणि 'हा बघा आपल्या जंगलातला साग' ही ओळ माझी. काका बाहेर आले, एक पत्रक मागून घेतलं, चष्मा पुसून छापखान्याच्या नावापर्यंत सगळं वाचलं आणि म्हणाले, "पोरी, फोटोत बाभूळ हाय. मले काय शिव्या द्यायच्या त्या दे, पन लाकडाले दुसऱ्याच्या नावानं हाक मारू नोको." मी चिडून आणखी मोठ्यानं घोषणा दिली. त्यांनी चहा मागवला, तो मी प्यायले नाही. दुसऱ्या खेपेला प्यायले, कारण ती बाभूळच होती; मधल्या काळात मी जाणकारांना विचारून आले होते.

काका प्रत्येक ओंडक्याच्या कापावर गेरूनं नाव लिहीत, आणि ते झाडाचं नसे, ज्याच्या बांधावरून तो परवानगी काढून तोडला त्या घराचं असे. त्यामुळे वखारीतलं बोलणं ऐकून परक्या माणसाला घाम फुटायचा. "काकूले उन्हातून हटवा! मास्तरले मशीनवर घ्या, अन् मधातून चिरा!" हे ऐकून एक नवा पोस्टमन पत्र न देताच परत फिरलेला मी पाहिलाय. काकू पातूरच्या, मास्तर तिवस्याचे. एकदा उन्हातून आल्यावर मी एका ओंडक्यावर टेकले तर काका केवढ्यांदा ओरडले, "ऊठ वं! सरपंचावर बसली तू!" चिमूटभर भुसा हुंगून, कधी चक्क जिभेवर ठेवून, झाड विहिरीजवळचं की माळावरचं ते सांगत. एका झाडाच्या फळ्या एकाच थप्पीत. दोन घरांच्या फळ्या मिसळलेल्या त्यांना खपत नसत.

प्लायवूडच्या दारांनी मशीन जवळजवळ बंदच पाडली होती. अशात अमरावतीच्या एका कारखानदारानं सागाच्या फळ्या मागितल्या. तो युरोपात पाठवायला लाकडी ट्रे करतो. ही खेप पसंत पडली तर पुढे नेहमीचं काम, म्हणजे घरी बसवलेले चारही मिस्त्री परत मशीनवर. अट मात्र तिकडच्या नव्या कायद्याची: जंगल तोडून आलेलं लाकूड चालणार नाही, प्रत्येक झाड उभं होतं त्या जागेचे अक्षांश-रेखांश द्या, आणि ठावठिकाणा नसलेली एक फळी मिसळली तरी सगळी खेप बाद. बाजारातले बाकीचे वखारवाले या कायद्याच्या नावानं बोटं मोडत होते. काका हरखले. "इतकी वर्सं झाली, झाड कुठचं हे मले कोनीच इचारलं नाई वं! आता थेट युरोपातून इचारून राहिले!" आणि त्यांनी उत्साहानं वखारीच्याच फाटकात उभं राहून, मोबाइल वर धरून, सगळ्या ओंडक्यांची जागा नोंदवून टाकली. नोंदीप्रमाणे सगळी झाडं जुन्या शहरात, नालीच्या काठावर उगवलेली. मी तरी काय हसणार? असा कायदा हवा म्हणून मी ढीगभर पत्रकं लिहिली होती, पण त्याचा अर्ज पहिल्यांदाच बघत होते.

मग आम्ही त्यांच्या स्कूटरवरून गावोगाव निघालो. खुंट सापडला की काका चप्पल काढत, मी जागा नोंदवी, आणि मग ते घरात जाऊन माहेरचा निरोप सांगावा तसं सांगत, "तुमचा साग चालला बरं युरोपात." चहा, कुठे ताजी भाजी, पातूरच्या काकूंकडे तर शेवंतीची फुलं. एका खुंटाला अर्धा दिवस लागायचा. मी कुरकुरले की म्हणत, "घाई कावून करतं? झाड उभं राह्याले किती वर्सं लागले?"

शेवटचा खुंट राहिला. मधे काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना वखार बघणाऱ्या त्यांच्या पुतण्यानं एक ओंडका घेतला होता, वाहतूक परवाना, शिक्के, सगळं बघूनच. परवान्यावरचं शेत पातूरजवळच्या, काकांच्या एका जुन्या दोस्ताचं. दोस्तानं पाणी दिलं, इकडचं तिकडचं बोलला, आणि खुंट काही दाखवेना. काकांनी सरळच विचारलं, "खुंट कुठं हाय?" तो मान खाली घालून म्हणाला, "सोयऱ्यानं परवान्यासाठी सातबारा मांगतला, मले नाई म्हनता आलं नाई. कागद माहा हाय गड्या. झाड माहं नाई."

आम्ही तसेच परतलो. वखारीत त्याहून वाईट समोर आलं. पुतण्यानं आम्ही परत यायच्या आत टापटीप म्हणून चिरलेल्या सगळ्या फळ्या, त्या ओंडक्याच्याही, लांबीप्रमाणे लावल्या होत्या. सगळी घरं एकात एक. काका दुपारभर थप्पीसमोर बसले. एकेक फळी नाकाशी धरायचे, बोट फिरवायचे, बाजूला ठेवायचे, परत उचलायचे. पाच-सहा निघाल्या. मग हात थांबला. "कोनती कोनाची समजत नाई, सारेच पातूरचे वाटून राहिले वं," ते म्हणाले.

इथे मी जे बोलायला नको होतं ते बोलले. "काका, कागद तर बरोबर आहेत ना? करा सही. त्या मिस्त्र्यांचं काय?" काका रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कारखानदाराला फोन लावला. तोही तेच विचारत असावा, कारण काका म्हणाले, "कागद बराबर हाय, साहेब. झाड बराबर नाई." मग मिस्त्र्यांना एकेक करून फोन केले. त्यानंतर वनखात्याला.

पंचनामा होऊन थप्पी गेली. चुकीचं लाकूड अडलं, माझ्या पत्रकातली मागणी पूर्ण झाली, आणि मला एकही घोषणा सुचेना. पुतण्या कुठेतरी तोंड लपवून होता. मशीनवर ताडपत्री टाकून काका रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

"ते जिथचं असंल तिथचं," ते म्हणाले, "पन त्याच्या आजूबाजूचे झाडं तरी उभे राह्यले असतील ना वं?"

"हो काका, राहिली असतील," मी म्हणाले. पुराव्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही, असं आम्हाला गटात शिकवलेलं आहे.