जाड आट्यांचा टॅप

रॉकेलचा वास आला की मला देवबागमधली ती दुपार आठवते. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे माझे बाबा नुकतेच गेले होते. शेजारचे काका इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण घेऊन शेडच्या दारात आले. बोल्टच्या भोकातले आटे झिजले होते. "सुतक आसा, ता माका ठावक आसा गो. पण होडी बंद पडली. तुका जमात तर बघ," ते खाली बघत म्हणाले. मी बाबांची आटे पाडायच्या टॅपची पेटी उघडली. पोलादाला बारीक आटे चालतात, पण अ‍ॅल्युमिनियम नि प्लॅस्टिक मऊ, त्यांत जाड आटेच टिकतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी भोक थोडं मोठं केलं, जाड आट्यांचा टॅप निवडला आणि रॉकेलचे थेंब सोडत तो अर्धा फेरा पुढे, जरासा मागे असा फिरवत राहिले. आई दारात येऊन म्हणाली, "रड गो बाय, एकदा तरी." मी भोकातला धातूचा कीस फुंकला आणि मोठा बोल्ट बसवला, तो घट्ट बसला. काका गेले आणि काही वेळाने खाडीतून इंजिनाचा आवाज आला. तो ऐकून आई रडली. मी हात धुतले. आता शेड मीच चालवते. रडायचं मात्र राहूनच गेलं.