चाळीस जणांचा अंगठा

फरशी घासणाऱ्या माणसाची बोटं कधी जवळून बघितलीत? नसतील तर बघा एकदा. दिवसभर पाणी, घासायची पूड आणि ॲसिड. वर्ष-दोन वर्षांत बोटांवरच्या रेघा पार निघून जातात. फरशीही गुळगुळीत आणि बोटंही गुळगुळीत.

नदीकाठच्या एका फरशीच्या कारखान्यात असे चाळीसेक कामगार होते. मालकानं एक दिवस हौसेनं हजेरीचं मशीन आणून दाराशी ठोकलं. अंगठा टेकवला तर हजेरी, हजेरी असेल तर पगार. झालं! मशीन एकाचाही अंगठा घेईना. पोरांनी अंगठे धुतले, पुसले, तेल लावलं, मशीनला शिव्या घातल्या. मशीन ढिम्म.

तेव्हा स्टोअर सांभाळणारे मामा पुढे आले. मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत, सगळा कारखानाच त्यांना मामा म्हणायचा. त्यांचं काम घासायच्या चकत्या आणि पुडीचे डबे मोजून देण्याचं, त्यामुळे अंगठा अगदी ताजातवाना. त्यांनी सगळ्यांच्या नंबरावर आपलाच अंगठा नोंदवून टाकला. रोज सकाळी दाराशी उभं राहायचं, जो येईल त्याचा नंबर दाबायचा आणि अंगठा टेकवायचा. मालकाला ठाऊक होतं, त्यानं काणाडोळा केला. पण मामा सचोटीचे हो! जो आला नाही त्याच्यासाठी त्यांनी अंगठा कधी टेकवला नाही, स्वतःच्या मेव्हण्यासाठीसुद्धा नाही. मेव्हण्यानं त्यावरून वर्षभर अबोला धरला होता.

नदीच्या अलीकडे एक देश आणि पलीकडे दुसरा. मधे पूल. फरश्या पलीकडे जायच्या, म्हणून कामगारांना पुलाचे पास लागायचे. पास काढताना सरकारनं कारखान्याच्या मशीनमधली माहिती जशीच्या तशी उचलली. म्हणजे चाळीस पासांवर चाळीस नावं, चाळीस फोटो आणि अंगठा एकट्या मामांचा. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुलावरचे शिपाई चेहरा बघायचे आणि मान हलवायचे.

मामींच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा त्या पुलाचा मोठाच आधार वाटला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि ती सोय फक्त पलीकडच्या इस्पितळात. लेकही तिकडेच दिलेली, इस्पितळापासून हाकेच्या अंतरावर. येण्याजाण्यानं मामी थकायला लागल्या तशा लेकीकडेच राहिल्या. मामा कारखाना सुटला की पूल ओलांडून जायचे, मामींच्या पायांना तेल चोळायचे, त्यांची बोलणी खायचे आणि शेवटच्या बसनं परत यायचे. त्या बोलण्यांवरच माणूस जगत होता म्हणा ना.

मग पलीकडे एका बाजारात स्फोट झाला. माणसं गेली, लहान मुलं गेली. काहीतरी करायलाच हवं होतं, मामांनाही ते पटत होतं. दोन्हीकडचे मंत्री पुलाच्या मधोमध भेटले, हातात हात घालून फोटो काढले, करार झाला. दोन्ही देशांनी आपल्या नोंदी एकत्र करायच्या. ज्याच्यावर संशय त्याला दोन्हीकडे अडवायचं. आणि साध्या माणसाच्या हक्कांना धक्का लागू नये म्हणून वेगळी हक्क कचेरी काढायची. कागदावर बघाल तर कुणाला खोट काढता येणार नाही.

"बरं झालं," पेपर वाचून मामाच म्हणाले होते, "आता कुणी येरागबाळा पुलावरून जायचा नाही."

त्या आठवड्यात पुलावर नवं मशीन बसलं. मामांनी अंगठा टेकवला आणि लाल दिवा लागला. शिपाई ओळखीचा, तोच म्हणाला, "मामा, घाम आला असेल, पुसून टेकवा." पुसून टेकवला, पुन्हा लाल. मग त्यांना आतल्या खोलीत नेलं.

"नाव?" अधिकाऱ्यानं विचारलं.

मामांनी सांगितलं.

"आणि बाकीची नावं?"

"बाकीची कसली?"

"या एका अंगठ्यावर चाळीस माणसं आहेत."

आता इथं गप्प बसावं की नाही? पण मामांना हसूच आलं. "अहो साहेब, ती सगळी आमचीच पोरं! अंगठा माझाच आहे, मीच लावलाय!" आणि कौतुकानं एकेकाचं नाव सांगायला लागले. अधिकारी लिहून घेत होता. शेवटी त्यानं खाली एक ओळ लिहिली, चाळीस ओळखी वापरल्याची कबुली. अरे भल्या माणसा, जरा श्वास तरी घ्यायचास! घरी सोडलं, पण चौकशी संपेपर्यंत मामांना पूल बंद.

अलीकडच्या मोठ्या साहेबांना मामांचं म्हणणं पटलं. "मला कळतंय हो मामा," ते म्हणाले. "पण नोंद आता दोघांची. मी एकट्यानं पुसली तर ते म्हणणार, का पुसली?" पलीकडच्या कचेरीत लेक जाऊन आली. तिथल्या साहेबांनाही पटलं. "पण नोंद तुमच्या वडिलांच्या सरकारकडून आली," ते म्हणाले, "त्यांनी मागे घ्यायला हवी." दोघंही चांगले, दोघांच्याही बोलण्यात खोट नाही, आणि मामा मधल्यामधे लटकलेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती अशी प्रेमानंही देता येते.

मग हक्क कचेरी. तिथल्या मॅडमनी मामांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्हाला अर्जाचा पूर्ण हक्क आहे," त्या म्हणाल्या. "अडचण एवढीच की या नोंदीत आणखी लोकांची खाजगी माहिती आहे. त्या प्रत्येकाची परवानगी असल्याशिवाय मला ती उघडता येत नाही. नियम तुमच्या लोकांच्याच संरक्षणासाठी आहे."

"परवानगी आणतो की! सगळ्यांच्या सह्या आणतो."

"सही नाही चालत. अंगठा लागतो."



तरी पोरं आली. कारखान्याचा टेम्पो भरून आली. जे काम सोडून गेले होते त्यांच्यातलेही सापडले तेवढे आले. रांगेत उभं राहून एकेकानं अंगठा दाबला, वाकडा करून, तिरका करून, फुंकर मारून. मशीननं एकाचाही घेतला नाही. शेवटी एक तोंडाळ पॉलिशवाला वैतागून म्हणाला, "मॅडम, आमचा अंगठा तर तिकडं खुर्चीत बसलाय!" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि दोन्ही देशांच्या संयुक्त समितीला पत्र लिहिलं. समितीची बैठक ठरली, पुढे गेली, मग मंत्रीच बदलले. नव्या मंत्र्यांचे अजून फोटोही झाले नव्हते.

मामा रोज संध्याकाळी फोन करायचे.

"काय हो, दुसरी केलीत की काय?" मामी विचारायच्या. आधी चेष्टेनं. मग चेष्टा कमी झाली, आवाजही बारीक झाला. पायांना लेक तेल लावते, पण तिच्या हाताला जोर नाही, असं म्हणायच्या. फोन ठेवला की मामा भिंतीकडे बघत बसायचे. एवढे दोन धडधाकट हात, आणि करायला काही नाही.

एक दिवस मामींनीच ठरवून टाकलं. "शनिवारचं डायलिसिस झालं की मी येते. दोन दिवस राहीन. घराचा उकिरडा केला असणार तुम्ही. लेक पुलापर्यंत सोडेल, पुढं तुम्ही न्या."

लेकीनं आदल्या दिवशी चौकशी करून मामांना सगळं सांगितलं होतं, आणि आईला सांगायचं काम त्यांच्यावर टाकलं होतं.

"येऊ नकोस," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"तिकडे आहेस तोवर तुला कुणी हात लावणार नाही. पण इकडे आलीस तर परत जाताना अडवतील. माझी बायको म्हणून. माझी चौकशी संपेपर्यंत सोडणार नाहीत."

"कधी संपणार?"

"कुणी सांगत नाही."

"आणि डायलिसिस?"

विचारता विचारताच मामींना कळलं. मामांना वाटलं, आता भांडतील, कुणाला तरी शिव्या देतील, निदान रडतील तरी. भांडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागं नातवंडांचा गलका.

"मग असं करा," मामी शेवटी म्हणाल्या. "कपाटातले माझे कपडे कुणाबरोबर तरी पाठवून द्या."

"कुठले? रोजचे?"

"सगळेच," मामी म्हणाल्या.